पहिली दाढी मोफत

टिंगटिंग एका जागी शांत बसली आहे, असं दृश्य बाजारात अजून कुणाच्या नजरेला पडलेलं नाही. ती बसलीच तर तिचा पाय हलतो, पाय थांबला तर अंगठा हलतो, आणि अंगठाही थांबला तर समजावं, बाईच्या फोनची बॅटरी संपली. तिचा नवरा म्हणतो, ही झोपेतसुद्धा उशीवर अंगठा फिरवत असते. त्यात अतिशयोक्ती असेल, पण फार नसेल.

टिंगटिंग हे नाव तिला शिंपीकाकांनी चिकटवलं. ती दुकानात पाऊल टाकायच्या आधीच तिच्या पर्समधले दोन फोन वाजत यायचे, त्यावरून. पुढे सगळा बाजारच तसं म्हणू लागला, आणि आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तीच मागे वळून बघत नाही. काम म्हणाल तर ती दुकानदारांच्या वतीनं त्यांच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर मेसेज पाठवते. मोठ्या कंपन्या दिवसभर मेसेज पाठवून आपल्याला भंडावून सोडतात, तेच काम ही चष्मेवाला, किल्लीवाला, चपला दुरुस्त करणारा अशा लहान लोकांसाठी करते. फरक एवढाच, की कंपन्यांचे मेसेज लोक न उघडता पुसून टाकतात आणि हिचे एकमेकांना वाचून दाखवतात.

सुरुवात झाली ती निव्वळ वैतागातून. ती तेव्हा एका सिमकार्डच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. शेजारी शिंपीकाका. त्यांच्या कपाटात शिवून तयार झालेल्या कपड्यांची रास लागलेली, कारण लोक माप देऊन जात आणि मग विसरून जात. काका दिवसभर त्या कपाटाकडे बघून उसासे टाकायचे. हिला दुसऱ्याचे उसासे ऐकवत नाहीत. कुणी दुकानात माशा मारत बसलेला दिसला की हिलाच राहवत नाही. शेवटी एका दुपारी तिनं काकांच्या गिऱ्हाइकांचे नंबर घेतले आणि आपल्याच फोनवरून सगळ्यांना धाडून दिलं: 'तुमची पँट तयार आहे. तुम्ही येईपर्यंत मी घालू का? तुमचा शिंपी.' संध्याकाळपर्यंत कपाट निम्मं रिकामं झालं. लोक हसत आले आणि येताना दुसरं कापड घेऊन आले. काका आधी भडकले. "माझ्या नावावर कसले चाळे करतेस?" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी हळूच विचारायला आले, की आता बायकांच्या कपड्यांचं काय लिहायचं.

तिथून गाडी जी सुटली ती सुटलीच. काउंटरची नोकरी तिनं सोडली. आता सकाळी बाजाराच्या एका टोकाला शिरायचं आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं, मध्ये प्रत्येक दुकानात डोकवायचं, कालच्या मेसेजवर कोण आलं, कोण नाही आलं, का नाही आलं, हे विचारत सुटायचं. चहा उभ्यानं. जेवण चालता चालता. कुठल्या दुकानात गर्दी दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या दुकानात शुकशुकाट दिसला की परत वर चढायचा. असा तो दिवसभर वरखाली.

तिची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीचा तिला भारी अभिमान. कुठल्याही दुकानाचा पहिला मेसेज लिहिण्याआधी ती तिथं अर्धा दिवस काढायची. कोपऱ्यात स्टूल टाकायचं, पाय हलवत राहायचं आणि बघायचं. माणसं आत का येतात, न घेता परत का जातात, दुकानदार काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो. चष्मेवाल्याकडे ती अशीच बसली होती. लोक फ्रेम हातात घ्यायचे, किमतीची चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरायचे आणि 'नंतर येतो' म्हणून सटकायचे. तिनं लिहिलं: 'हा मेसेज हात लांब करून वाचताय ना? मग या.' त्या आठवड्यात चष्मेवाल्याला जेवायला फुरसत मिळाली नाही. तेव्हापासून तो तिला बसायला स्वतःची खुर्ची द्यायचा, जिच्यावर ती अर्थातच बसायची नाही. दुसरा नियम असा, की दुकानात जे मिळत नाही ते मेसेजमध्ये लिहायचं नाही. लोक एकदा फसतात आणि मग तुमचा नंबर कायमचा बंद करून टाकतात, हे ती प्रत्येक दुकानदाराला बोट नाचवून ऐकवायची.

एवढा सगळा बाजार तिच्या अंगठ्यावर चालत होता, फक्त एक दुकान सोडून. ते तिच्या सख्ख्या दादाचं.

दादाचं सलून बाजाराच्या शेवटच्या वळणावर, किल्लीवाल्याच्या बरोब्बर समोर. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आरशाखाली अरुंद फळी, फळीवर वस्तरे, ब्रश, तुरटीचा खडा आणि पावडरचा डबा. मदतीचा माणूस सोडून गेल्यापासून दुसरी खुर्ची वर्तमानपत्रं ठेवायच्या कामी आलेली. वडील गेल्यावर दादानं हे दुकान आणि ही धाकटी बहीण दोन्ही सांभाळली, आणि दोघींवर सारखाच खेकसला, असं ती हसत सांगते. दुकानाला ती 'माझी मोठी बहीण' म्हणते. दाढी करावी तर दादानंच, असं सगळ्यांचं मत. वस्तरा गालावरून गेला की नाही हे गाल चाचपूनच कळायचं. मुलाखतीला निघालेली पोरं, लग्नाला उभे राहणारे नवरदेव, एवढंच काय, कोर्टात तारखेला जाणारे लोकसुद्धा आधी दादाकडे येऊन जायचे.

"दादा, तुझ्या गिऱ्हाइकांनाही मेसेज टाकते ना," असं ती अधूनमधून म्हणायची.

"माझी गिऱ्हाइकं माझ्या खुर्चीत बसतात. त्यांना तुझ्या फोनमध्ये कशाला बसवतेस?" हे दादाचं ठरलेलं उत्तर. तिनं तो विषय सोडून दिला होता, कारण सलून चालत होतं.

पण अलीकडे ते चालेनासं झालं. वळणावरून जाताना तिला खुर्ची रिकामी दिसायची आणि दादा पेपरात तोंड घालून बसलेला. जुनी गिऱ्हाइकं गालावर खुंट वाढवून फिरताना दिसायची, नाहीतर पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या काचेच्या सलूनमधून गुळगुळीत होऊन बाहेर पडताना. तिनं दोघातिघांना रस्त्यातच गाठलं.

"तुझ्या दादाचं हल्ली काही खरं नाही," एक जण म्हणाला. "केस कापतो, पण दाढी म्हटली की कधी ब्लेड संपलेलं असतं, कधी पाणी तापलेलं नसतं. मागच्या वेळी मला म्हणाला, तुमच्या कातडीला आज वस्तरा सोसायचा नाही. माझी कातडी, आणि मलाच माहीत नाही!"

परक्या दुकानदाराबद्दल हे ऐकलं असतं तर टिंगटिंगनं तिथल्या तिथे कान टवकारले असते. स्टूल घेऊन जाऊन बसली असती. पण घरच्या माणसाच्या बाबतीत आपल्याला सगळं आधीच माहीत असतं ना! तिनं परस्पर ठरवून टाकलं, दादा कंटाळलाय. गर्दी नाही म्हणून उत्साह नाही, आणि उत्साह नाही म्हणून गर्दी नाही.

त्यात वहिनीनं बोलता बोलता सांगितलं, की मोबाइलची कव्हरं विकणारा कुणीतरी दुकान बघून गेला, आणि दादानं त्याला हाकलून दिलं नाही. उलट आत बोलावून भिंतीची मापं घेऊ दिली. हे ऐकलं आणि टिंगटिंगच्या तोंडचं पाणी पळालं. दादा दुकानाशिवाय? तो घरात बसून करणार काय? त्याला ना पत्ते येतात, ना कुणाशी गोड बोलता येतं. दुकान गेलं तर दादा महिन्याभरात म्हातारा होईल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. रात्री तिला झोप लागली नाही, आणि सकाळी दात घासता घासताच तिचा मेसेज तयार होता.

'नवा चेहरा कुठून आणणार? जुनाच घेऊन या, चकचकीत करून देतो. पहिली दाढी मोफत. दादाचं सलून.'

दुकानदारांना फोन करकरून तिनं परवानगी घेतली आणि सगळ्यांच्या याद्या एकत्र केल्या. फुकट द्यायला तिनं दाढीच का निवडली, तर सलूनमध्ये तीच परवडते. थोडा साबण, एक ब्लेड आणि दादाचा हात. साबण आणि ब्लेड ती वाटेत घेणार होती, हात तर होताच. दादाला विचारायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, पण विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. अर्धा दिवस तिथं बसायचंही राहिलं. मी त्याच दुकानात लहानाची मोठी झाले, तिथं बसून नवीन काय बघायचं, असं म्हणत तिनं अंगठा दाबला.

ती वळणावर पोचली तेव्हा सलूनसमोर ही गर्दी. कुणी पायरीवर, कुणी रस्त्यात, दोघे किल्लीवाल्याच्या बाकावर. चष्मेवाला स्वतः आला होता, चार दिवसांची दाढी चाचपत. दादा नुकतंच शटर वर करून कुलूप हातात धरून उभा होता.

"कोण गेलं?" त्यानं गर्दीला विचारलं.

"कोण कशाला जातंय? दाढीला आलोय! फुकट आहे ना?"

टिंगटिंग गर्दीतून वाट काढत पुढे झाली. आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "दादा, बघ! बघ किती माणसं आलीत!"

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग माणसांकडे. मग फळीवरच्या वस्तऱ्यांकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तो तिनं पाहिलाही, पण तिला वाटलं, न विचारता केलं म्हणून चिडलाय. चिडू दे. संध्याकाळी खुर्ची तापलेली असेल, मग बोलेल गोड.

"काय केलंस तू?" एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. नंतर दोन्ही हातांनी खुर्ची वळवून म्हणाला, "बसा. पहिलं कोण?"

पहिले बसले ते ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. धिप्पाड माणूस, दिवसभर शिकाऊंच्या शेजारी बसून भीती मेलेली. त्यांनी मान मागे टाकली, गळा वर केला आणि डोळे मिटले. दादानं ब्रश भिजवला आणि फेस करायला घेतला. फेस झाला तरी तो ब्रश फिरवतच राहिला. गालावर, हनुवटीवर, पुन्हा गालावर.

"दादा, मला रंगवताय की काय?" मास्तर डोळे न उघडता म्हणाले. सगळे हसले.

टिंगटिंगला तर ही सोन्यासारखी संधी. भरलेलं दुकान, हसणारी माणसं, फेसानं माखलेला चेहरा. तिनं फोन काढला आणि व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. दादानं वस्तरा उचलला. तिनं बोटांनी चित्र मोठं केलं, पातं अगदी पडदाभर आणलं. चित्र हलत होतं. एक क्षण स्थिर धरशील तर शपथ, असं तिनं स्वतःलाच बजावलं, श्वास रोखला, कोपर पोटाला टेकवलं. तरी हलत होतं. मग तिनं फोन फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हात काढून घेतला.

आता चित्र हललं नाही. आरसा स्थिर होता, मास्तरांची हनुवटी स्थिर होती, फेसाचा बुडबुडासुद्धा जागच्या जागी होता. हलत होता तो फक्त वस्तरा.

ब्लेड संपलं, पाणी तापलं नाही, तुमच्या कातडीला सोसणार नाही. सगळं एका झटक्यात उलगडलं. तिनं दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, जबडा घट्ट आवळलेला. डाव्या हातानं त्यानं स्वतःचं उजवं मनगट धरलं होतं. आणि पातं मास्तरांच्या गळ्याकडे निघालं होतं.

'दादा, तुझा हात थरथरतोय' असं ती ओरडली असती तर वस्तरा थांबला असता. पण दारात अर्धा बाजार उभा होता.

"थांब, थांब! दादा, थांब!" ती मध्ये घुसली आणि तिनं त्याचा हात खाली ओढला. "चूक झाली! माझी चूक झाली. आज दाढी नाही!"

"नाही म्हणजे?" मास्तरांनी एक डोळा उघडला.

"दादानं मला केस कापायचं लिही म्हणून सांगितलं होतं. मी आपलं दाढी लिहून बसले. गडबडीत. माफ करा सगळ्यांनी."

"बरं, मग पैसे घ्या की," मास्तर म्हणाले. "फेस लावलाय तर उरका ना."

"पैसे देऊनही नाही."

"हे सलून आहे की चेष्टा?"

तिनं टॉवेल उचलला आणि त्या धिप्पाड माणसाचं तोंड स्वतःच खसाखसा पुसायला लागली, पोराचं पुसावं तसं. मास्तर इतके चकित झाले की त्यांनी पुसू दिलं. मग उठले, टॉवेल खुर्चीवर आपटला आणि निघून गेले. मागची माणसं कुरकुरत पांगली. "फुकटचं नाव आणि रांगेत उभं करायचं," कुणीतरी म्हणालं. "लबाड बाई," असंही तिला ऐकू आलं, आणि ते ऐकू यावं अशाच बेतानं म्हटलेलं होतं.

चष्मेवाला शेवटी उरला. तो ओरडला नाही, ते जास्त लागलं. "ताई, दुकानात नसेल ते लिहायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?" तो म्हणाला. "माझे मेसेज सध्या राहू द्या. मी कळवीन."

ती मान खाली घालून उभी राहिली. इतक्या वर्षांत कमावलेली पत दात घासण्याइतक्या वेळात गेली होती, आणि तिला ती परतही मागता येत नव्हती.

दादानं शटर अर्धं खाली ओढलं. मग तो कडाडला. "माझ्या दुकानात येऊन माझ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा फेस पुसतेस? तू? लाज नाही वाटली?"

"दादा, मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

तिनं फळीवरचा फोन घेतला आणि व्हिडिओ लावून त्याच्या समोर धरला. दादानं तो शेवटपर्यंत पाहिला. आपला हात बाहेरून कसा दिसतो हे त्यानं बहुतेक पहिल्यांदाच बघितलं असावं. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि वस्तरा मिटवायचा प्रयत्न करू लागला. पातं खाचेत बसेना. तिनं तो त्याच्या हातातून घेतला आणि मिटवला.

"कधीपासून?"

"कळलंच नाही गं. आधी फक्त सकाळी व्हायचं. म्हटलं थंडी असेल. मग थंडी गेली." त्यानं हात मांडीखाली दाबून धरला. "केस कापताना कंगव्याचा आधार असतो, निभावतं. वस्तऱ्याला कुठला आधार?"

"कुणाला लागलं का?"

"एकदा. कानाखाली. त्याला वाटलं, तोच हलला. मी पण म्हटलं, हो, हललात तुम्ही. तर तो मला म्हणाला, माफ करा." दादाचा आवाज फाटला. "त्यानं माझी माफी मागितली गं. त्यानंतर मी वस्तरा उचलला नाही. आज सोडून."

"मग आज कशाला उचललास?"

"दारात एवढी माणसं. आणि तू अशी हसत उभी."

तिला रडू कोसळलं. आपण दुनियेच्या दुकानात अर्धा अर्धा दिवस बसलो आणि आपल्या भावाच्या दुकानात बसायला आपल्याला सवड झाली नाही, हे तिला सुईसारखं टोचत राहिलं. दादानं तिला रडू दिलं. समजूत घालणं त्याला कधीच जमलेलं नाही.

"वहिनीला माहीत आहे?" डोळे पुसून तिनं विचारलं.

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. तिला वाटतं मी कंटाळलोय. कंटाळलेला नवरा तिला चालतो, सवय आहे तिला." वहिनी कापडाच्या कारखान्यात होती. शिफ्ट सुटेपर्यंत तिथं फोन कपाटात ठेवावे लागत, म्हणून सकाळचा गोंधळ तिच्यापर्यंत अजून पोचला नव्हता. पोचणार मात्र नक्की होता.

दुपारभर टिंगटिंग त्या चिंचोळ्या दुकानात येरझाऱ्या घालत राहिली. लोकांना काहीतरी कळवायला हवं होतं, नाहीतर उद्या पुन्हा कुणीतरी गळा पुढे करून बसेल. ती लिहायची, वाचून दाखवायची आणि पुसायची.

"'काही अपरिहार्य कारणामुळे...'"

"मी मेलोय का?"

"बरं. 'दादाचं सलून लवकरच नव्या रूपात...'"

"कसलं नवं रूप? हेच रूप आहे."

"'आमच्या कारागिराला थोडी विश्रांती...'"

"अगं, कारागीर कोण? मीच ना?" दादा वैतागला. "चष्मेवाल्याला कसं सरळ लिहिलं होतंस? हात लांब करून वाचताय ना म्हणून. कुणी रागावलं का? तसं लिही. मी सांगतो, तू फक्त बटणं दाब."

ती थांबली. म्हणजे पाय हलत होता, पण ती थांबली. दादानं आरशाकडे बघत सांगितलं आणि तिनं लिहिलं.

'माझा हात थरथरतो. म्हणून दाढी बंद केली आहे. केस कापतो, पण सावकाश. घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावं.'

"दादा, दुसरीकडे जावं असं जाहिरातीत कुणी लिहितं का?"

"ही जाहिरात नाही."

"निदान 'हात थरथरतो' तरी नको. 'तब्येतीमुळे' म्हणू या."

"का? थरथरतोय हातच. तब्येत म्हटलं की लोक पोट बिघडलं समजतील." आणि मग बोट उगारून म्हणाला, "अजून एक ओळ टाक. सकाळी माझ्या बहिणीनं दाढी थांबवली ती मास्तरांच्या गळ्यासाठी. तिनं लबाडी केली नाही, मी केली. सही, दादा."

तिनं ती ओळ लिहायला नकार दिला. त्यानं लिहायला लावली. तो मोठा भाऊ होता आणि आवाजही त्याचाच मोठा होता.

आता फक्त पाठवायचं राहिलं. दादा म्हणाला, "सकाळी ज्यांना गेला होता, त्या सगळ्यांना जाईल?"

"सगळ्यांना."

"त्यात तुझी वहिनी आहे?"

"आहे." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तिचा नंबर काढू? एका मिनिटाचं काम आहे."

दादानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. बायका कपाटं उघडून फोन काढत असतील. तो खुर्चीच्या हातावर बोटं दाबत राहिला, आणि टिंगटिंगचा जीव टांगणीला लागला. तिला वाटलं, तो काढ म्हणेल. तिला हेही वाटलं, की त्यानं काढ म्हटलं तर आपण ऐकणार नाही.

"नको," दादा म्हणाला. "तोंडानं सांगायला बसलो तर मी पुन्हा ब्लेड संपल्याचीच गोष्ट सांगेन. दे इकडे. मी दाबतो."

"मी दाबते ना."

"माझा हात, मी सांगणार. दे."

तिनं फोन त्याच्यापुढे धरला. कुठं दाबायचं ते दाखवलं. दादाचा अंगठा काचेपर्यंत गेला आणि तिथं त्याला आवरेना. तो बटणावर पडला, उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. तिचं ते अॅप साधंसुधं होतं, 'नक्की पाठवायचं का?' असं विचारणारं नव्हतं. जितक्यांदा दाबलं तितक्यांदा ते पाठवून मोकळं झालं.

"दादा! तीनदा गेला!"

समोर किल्लीवाल्याचा फोन वाजला. परत वाजला. परत वाजला. अर्ध्या शटरखालून त्याचा आवाज आला, "अहो दादा, एकदा सांगितलं तरी कळतं हो!" आणि मग, जरा थांबून, वेगळ्याच सुरात, "केस वाढलेत माझे. उद्या येतो. घाई नाही मला."

दादानं मान हलवली, जणू किल्लीवाल्याला ते शटरमधून दिसणार होतं. तेवढ्यात फळीवर दादाचा स्वतःचा फोन वाजू लागला. वहिनी. टिंगटिंगनं हात पुढे केला, पण दादानं फोन उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि कानाला लावला.

"हं," तो म्हणाला. "हं. नाही, कुणाला लागलं नाही." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मध्येच त्यानं डोळे मिटून घेतले. "बरं," म्हणाला, आणि फोन खाली ठेवला.

टिंगटिंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन आली होती. "काय म्हणाली? दादा, काय म्हणाली वहिनी? रागावली का? बोल ना रे!"

"उद्या डॉक्टरांकडे जायचंय म्हणाली. सुट्टी टाकलीय तिनं. आज नाही, आधीच टाकून ठेवलीय."

"म्हणजे तिला..."

दादानं तोंडावरून हात फिरवला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"मला विचारते, मी तुम्हाला इतके दिवस चहा अर्धाच कप का देते असं वाटलं तुम्हाला? आणि मी मूर्ख माणूस, रोज मनात म्हणायचो, बाई किती कंजूष झाली."